ताऱ्यांचा काटा आणि उतारा

शहादे तालुक्यात, आमच्या ब्राह्मणपुरीकडे, ऊस लावणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. दोन गाड्यांचे वजन सारखे भरले तरी साखरेचा उतारा सारखा पडतोच असे नाही. तो रसात काय आहे यावर ठरतो. आकाशातील अंतरे मोजणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न आहे.

काही तारे ठराविक काळाने फुगतात, आकसतात, आणि त्यांचे तेज कमीजास्त होते. त्यांतील एका वर्गास ‘सेफीड’ म्हणतात. आपला ध्रुवतारा त्यांपैकीच. त्याचे आवर्तन सुमारे ४ दिवसांचे. हार्वर्ड वेधशाळेत ताशी ३० सेंट मजुरीवर राबणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिटबाईंनी लघु मॅगेलनी मेघातील २५ तारे तपासले. आवर्तन जितके लांब तितका तारा तेजस्वी, हा त्यांचा नियम १९१२ साली प्रसिद्ध झाला. आवर्तनावरून खरे तेज कळते. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहिले की अंतर निघते.

पण सर्व ताऱ्यांना एकच काटा चालेल काय? १९५२ साली वाल्टर बाडे यांनी दाखविले की, दोन निराळ्या प्रकारचे तारे एकाच मापाने मोजले जात होते. ते वेगळे करताच देवयानी दीर्घिकेचे अंतर सुमारे दुप्पट झाले!

खऱ्या सेफीडांतही घटकद्रव्ये सारखी नसतात. हायड्रोजन व हेलियम सोडून बाकी सर्व मूलद्रव्यांना, अगदी प्राणवायूलाही, ज्योतिर्विद ‘धातू’ म्हणतात. सूर्यात वजनाने शेकडा एक-दोन भागच धातू आहेत. लघु मॅगेलनी मेघात त्याहूनही बरेच कमी. एवढेसे धातूही ताऱ्याच्या आत प्रकाशाची वाट अडवितात, वर्णपटातील काही प्रकाश गिळतात, आणि ताऱ्याचा रंग व तेज बदलतात. आवर्तन सारखे असून धातू दसपट असतील, तर तारा सुमारे एकपंचमांशाने अधिक तेजस्वी असतो, असे अलीकडची मोजमापे सांगतात. नेमक्या आकड्यावर अजून वाद आहे. हा फरक सोडून दिला, तर अंतरात सुमारे एकदशांश चूक राहते.

एकदशांशाने काय बिघडते? सेफीडांच्या आधारे मोजले, तर दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे दीर्घिकांचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटरने वाढतो. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणावरून हाच आकडा ६७ येतो. भांडण एवढ्याच फरकाचे आहे, आणि धातूंचा हिशेब धरूनही ते मिटलेले नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आकड्यावरून भांडण्याआधी काटा तपासून घ्यावा, हे आम्हांला अनुभवाने कळले. ज्योतिर्विद ताऱ्यामागून तारा घेऊन तेच करीत आहेत. काटा खरा ठरूनही तफावत उरली, तर विश्वाविषयीची आपली समजूतच बदलावी लागेल.