विश्लेषण : घराचे सुतारकाम देताना वाद नेमके कुठे होतात? ते टाळण्यासाठी काय पाहावे?

काळाचौकी, लालबाग, घोडपदेव परिसरात चाळींचा पुनर्विकास सुरू असल्याने अनेक कुटुंबे दहा बाय बाराच्या खोलीतून स्वतंत्र सदनिकेत जात आहेत. किल्ली हाती आली की शोध सुरू होतो तो सुताराचा. कपाट, ओट्याखालच्या ट्रॉल्या, बेड, देव्हारा या कामांत निवृत्तीची किंवा कित्येक वर्षांच्या बचतीची रक्कम जाते. एवढा मोठा व्यवहार मात्र बहुतेकदा तोंडीच ठरतो आणि भांडणाचे मूळ तिथेच असते.

लहान घरात सुतारकाम महत्त्वाचे का?

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात नियम 33(7) नुसार रहिवाशाला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेली घरे तर 225 चौरस फुटांची आहेत. चाळीत पोटमाळा आणि बाहेरची गॅलरी सामान सांभाळून घेत असे. नव्या घरात ही सोय नाही. कपाट सहा इंच जास्त खोल झाले तरी चालायची वाट अडते. त्यामुळे काम देण्याआधी फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई यंत्र, गाद्या अशा प्रत्येक वस्तूचे माप कागदावर घ्यावे आणि कपाटांची जागा जमिनीवर खडूने आखून पाहावी.

दर कमी, तरी बिल जास्त कसे?

उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. समजा कपाट 7 फूट उंच, 5 फूट रुंद आणि 2 फूट खोल आहे. फक्त दर्शनी भाग मोजला तर ते 35 चौरस फूट भरते. दुसऱ्या कारागिराने दोन्ही बाजू, तळ, माथा आणि पाठ धरून मोजले तर तेच कपाट 118 चौरस फूट होते, म्हणजे तिपटीहून अधिक. पहिल्याचा दर दुप्पट असला तरी तोच स्वस्त पडेल. ओट्याचे काम बऱ्याचदा रनिंग फुटावर असते. तिथे वरची आणि खालची कपाटे एकत्र धरली की वेगळी, हे विचारावे. आतले कप्पे, ड्रॉवर, कपाटावरचा माळा दरात आहे का, हेही आधीच लिहून घ्यावे. दोन-तीन जणांचे दर मागवताना सर्वांना एकच नकाशा आणि एकच मोजणी द्यावी.

मजुरीवर की मटेरियलसह?

मजुरीवर काम दिले तर प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल, गोंद, खिळे हे सारे घरमालक आणतो. वस्तूंवर त्याचा ताबा राहतो, पण सुतार सांगेल तेव्हा दुकानात धावावे लागते. कामावर लक्ष ठेवायला घरात कुणी असेल तर ही पद्धत बरी. मटेरियलसह काम दिल्यास धावपळ वाचते. मात्र प्लायची कंपनी, ग्रेड, जाडी, सनमायकाची जाडी आणि बिजागऱ्यांचा ब्रँड लिहून घेतला नाही, तर ‘चांगला माल’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो.

प्लाय तपासायचा कसा?

प्रमाणित पाटावर आयएसआय चिन्ह आणि मानक क्रमांक छापलेला असतो. आयएस 303 हे सर्वसाधारण प्लायवुडचे मानक आहे, तर आयएस 710 हे मरीन प्लायचे. कोरड्या खोलीतील कपाटाला एमआर ग्रेड चालतो. हा प्लाय दमटपणा सोसतो, पण सतत पाणी लागले तर टिकत नाही. त्यामुळे सिंकखाली आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून मरीन प्लायच घ्यावा. सगळीकडे मरीन वापरण्याची गरज नाही. नेहमीचा पाट 8 बाय 4 फूट, म्हणजे 32 चौरस फुटांचा असतो. माल उतरताना पाट मोजावेत, जाडीला टेप लावावी आणि पक्के बिल स्वतःच्या नावावर घ्यावे. जुने सागवानी कपाट किंवा पलंग भंगारात काढण्याआधी सुताराला दाखवावा. रंधा मारून त्या लाकडाच्या फळ्या किंवा चौकट होऊ शकते.

उचल किती द्यावी?

सुतारालाही मजूर सांभाळायचे असतात, त्यामुळे काहीच न देता काम सुरू होत नाही. तरी पैसे तारखेवर न देता टप्प्यावर द्यावेत. सुरुवातीला थोडी उचल, ढाचा उभा राहिल्यावर दुसरा हप्ता, सनमायका लागल्यावर तिसरा आणि दारे-ड्रॉवर बसल्यावर चौथा. साधारण दहावा हिस्सा काम संपून पंधरा दिवस होईपर्यंत राखून ठेवावा आणि ही अट पहिल्याच दिवशी सांगावी. घरमालकाने मध्येच नकाशा बदलला तर वाढीव मजुरी त्यानेच द्यायची असते. असा बदल तोंडी न ठेवता रकमेसह व्हॉट्सअॅपवर लिहावा.

फिनिशिंगमध्ये काय पाहावे?

दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ड्रॉवर भरलेला असतानाही अडखळता कामा नये. प्लायची कापलेली कड कुठेही उघडी नसावी. मागची, तळाची आणि सिंकच्या पाइपभोवतीची कड हात फिरवून पाहावी, कारण पाणी तिथूनच शिरते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, त्यामुळे लाकडी दाराला पुरेशी फट ठेवावी लागते. दमट हवेत पॉलिश पांढरट पडू शकते. ते काम पावसाळ्यानंतर केलेले बरे. गळती, वायरिंग आणि लाद्यांचे काम सुतारकामाच्या आधी उरकावे.

परवानगी लागते का?

कपाट, बेड अशा कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत पाडणे किंवा बांधकामात बदल करणे ही वेगळी बाब आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 342 नुसार त्यासाठी आधी सूचना द्यावी लागते. मायवान पद्धतीच्या नव्या इमारतींत काँक्रीटच्या भिंतीही भार पेलतात, त्यामुळे त्या कोरू नयेत. सोसायटीकडून कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, अनामत आणि डेब्रिजचे नियम लेखी घ्यावेत.

वाद झालाच तर?

पैसे घेऊन अर्धवट किंवा निकृष्ट काम करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र तिथे पुरावा लागतो. मापे, माल, दर, मुदत आणि हप्ते लिहिलेला दोघांच्या सहीचा एक कागद, ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद आणि टप्प्याटप्प्याचे फोटो एवढे जवळ असले, तर बहुतेक वाद आयोगापर्यंत जातही नाहीत. हाच कागद सुतारालाही उपयोगी पडतो. ठरलेले काम पूर्ण करूनही मजुरी अडली, तर त्याच्याही हाती पुरावा राहतो.