रिकामी ट्रॉली पळवून खेप वाढत नाही



गळीत हंगामात फडावर एक हिशोब नेहमी ऐकू येतो. "ट्रॅक्टर रिकामा जाताना ताशी २४ किलोमीटर जातो, भरून येताना ८. म्हणजे सरासरी १६ धरा की!" हिशोब सोपा आहे, पण चुकीचा आहे. अशा हिशोबावर तोडणी धरली की ऊस तुटून पडतो आणि वाहन येत नाही.

करूनच पाहू. फड कारखान्यापासून १२ किलोमीटरवर आहे असे समजा. रिकामे जायला अर्धा तास, भरून यायला दीड तास. एकूण २४ किलोमीटरला २ तास लागले, म्हणजे सरासरी ताशी १२ किलोमीटरच पडली. १६ धरणारा मात्र दीड तासात खेप होईल म्हणून वाट बघत बसतो. असे का होते? ट्रॅक्टर सावकाश चालीत दीड तास असतो, जलद चालीत फक्त अर्धा तास. म्हणून सरासरी सावकाश चालीकडे ओढली जाते.

जाण्यायेण्याचे अंतर सारखे असेल तेव्हा रीत अशी : दोन्ही गतींचा गुणाकार करून दुप्पट करावा व गतींच्या बेरजेने भागावे. २४ गुणिले ८ म्हणजे १९२, दुप्पट ३८४, भागिले ३२, उत्तर १२.

हे काही उसापुरतेच नाही. भाईंदरजवळ उत्तनच्या शेजारी पाली हे मच्छीमारांचे गाव आहे. तिथली एखादी होडी संथ पाण्यात ताशी १० किलोमीटर जाते आणि पाण्याची ओढ ताशी २ आहे असे समजा. ओढीबरोबर गती १२, ओढीविरुद्ध ८. २४ किलोमीटर जायला २ तास, परत यायला ३ तास. सरासरी १० नव्हे, ९.६ येते. पाण्याने जाताना जेवढे दिले, त्याहून जास्त येताना घेतले!

आता कामाची गोष्ट. आपल्या ड्रायव्हरने रिकामा ट्रॅक्टर ३६ च्या गतीने पळवला तरी खेपेमागे वाचतात फक्त १० मिनिटे, आणि जिवाला धोका तो निराळाच. उलट पाणंदीतले खड्डे बुजवून भरल्या ट्रॉलीची चाल ८ वरून १२ झाली, तर अर्धा तास वाचतो.

तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला जितका उशीर, तितके वजन घटते व उताराही घटतो. शक्यतो २४ तासांच्या आत तो गाळला गेला पाहिजे. म्हणून मुकादमाला तोडणी सांगताना जाण्याचे, येण्याचे, भरण्याचे आणि काट्यावरच्या रांगेचे तास वेगवेगळे मोजा. आणि हंगामाआधी चार शेजाऱ्यांनी मिळून पाणंद तेवढी दुरुस्त करून घ्या.