आधी ओळ, मग कोळपे

तुलसी नगरात क्वार्टरच्या परसात मेथी-पालक लावणारे आणि भोपाळबाहेरचे दोन-चार एकरवाले, दोघांची डोकेदुखी एकच: खुरपणी. तासन्‌तास उकिडवं बसायचं, सरकत राहायचं. शेतात हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, बैरसिया रोडवर नबीबागेत, केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. स्थापना १५ फेब्रुवारी १९७६. ट्रॅक्टरच्या यंत्रांबरोबर तिने हाताच्या साध्या अवजारांवरही काम केलं. त्यातली दोन पाहू.

पहिलं, मक्याचे दाणे काढायची नळी. लोखंडी पत्र्याची, आत निमुळत्या पात्या. एका हातात नळी धरायची, दुसऱ्या हाताने कणीस आत घालून पिळायचं. दाणे सुटतात, बोटं सोलवटत नाहीत. बघितलं की आलं!

दुसरं, दोन चाकांचं हातकोळपं. उभ्याने पुढे-मागे ढकलायचं. पातं मातीत सरकून तण मुळाशी कापतं. कंबर वाचते. पण बी फोकून पेरलं असेल तर हे चालवणार कुठे? त्याला ओळी लागतात. म्हणजे शिकवण पेरणीच्या आधी पोचायला हवी. तण माजल्यावर कोळपं वाटून उपयोग काय?

उंचीचाही प्रश्न आहेच. दांडा पुरुषाच्या मापाचा केला, तर बाईचे खांदे भरून येतात. म्हणून देशभरातल्या शेतकरी स्त्री-पुरुषांची मापं आणि ताकद मोजली गेली. एल. पी. गिते आणि सहकाऱ्यांनी ती माहिती २००९ मध्ये या संस्थेतर्फे पुस्तकरूपात आणली. अवजार कुणाच्या हातात जाणार, हे आधी ठरवायचं, मग दांडा कापायचा.

अशी माहिती बांधापर्यंत नेण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रं निघाली. देशातलं पहिलं १९७४ साली पाँडिचेरीत. तिथली पद्धत म्हणजे करून शिकणं, कारण कोळप्याची चाल हातालाच कळते. नबीबागेच्या संस्थेचंही असं केंद्र आहे.

परसबागेलाही हाच हिशेब लागू. दोन खुंट्या, एक सुतळी, सरळ ओळ. दोन ओळींतलं अंतर पात्याच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त ठेवा. एवढं जमलं की मगच कोळपं विकत घ्या, आणि घेताना जी व्यक्ती ते चालवणार आहे, तिलाच दुकानात दांडा धरून बघू द्या.