जुन्या मोटारीचा पाण्याचा पंप

मोटार दहा-बारा वर्षांची झाली कीं, तिच्यावर आणखी किती खर्च करावा हा प्रश्न घरोघरीं निघतो. पाण्याच्या पंपापुरतें आमचें उत्तर स्पष्ट आहे. पुष्कळ मोटारींत हा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तो पट्टा साधारणतः ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांनंतर बदलावा लागतो. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावा. त्या वेळीं पंप चांगला दिसला तरी तोहि बदलावा. पुढें तेवढ्यासाठींच इंजिन पुन्हां उघडून तीच मजुरी भरणें, हिला आम्ही काटकसर म्हणत नाहीं.

पंपास वेगळा पट्टा असेल, तर मात्र लक्षणें पाहून थांबण्यास हरकत नाहीं. पंपाच्या अंगास एक बारीक भोंक मुद्दाम ठेवलेलें असतें. आंतील सील झिजलें म्हणजे तेथून कूलंट पाझरतें व वाळून डाग पडतो. बेअरिंग घरघरूं लागलें किंवा कप्पी हातानें डुगडुगली, तर दिवस मोजीत बसूं नये. मे महिन्यांत, बोरघाटाच्या चढावर, वृद्ध मातापितरें मागें बसलेलीं असतां कांटा तांबड्यावर गेला, तर थोड्या हट्टानेंहि सिलिंडर-हेड वांकूं शकतें, आणि तो खर्च पंपाच्या कित्येक पट असतो. तेथें गाडी थांबवावी. रेडिएटरचें झांकण मात्र तें निवेपर्यंत उघडूं नये.