पाल्याला काडी लावण्याआधी त्याखाली कोण राबतंय ते बघा

शिवरे (ता. भोर) : बांधावरच्या आंब्याखाली पडलेला पाला हळूहळू काळी, भुसभुशीत माती होऊन जातो. हे काम गांडूळ आणि वाणी करतात हे आपल्याला माहीत आहे. पण वाणी आणि गोमेचे दोन बारीक भाऊबंदही त्याच पाल्यात राहतात. ते सहसा कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

पहिला पॉरोपोड. लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर, म्हणजे साधारण खसखशीच्या दाण्याएवढा. अंग पांढुरकं, डोळे नाहीत, वाढ पूर्ण झाल्यावर बहुधा पायांच्या ९ जोड्या. जॉन लबक या इंग्रज अभ्यासकाला तो १८६६ साली सापडला.

दुसरा सिम्फिला. हा जरा मोठा, पांढरा, पूर्ण वाढल्यावर पायांच्या १२ जोड्या. दिसायला गोमेच्या पिल्लासारखा, पण माणसाला काही करत नाही.

काम काय करतात?
वाणी आणि गांडूळ पानं कुरतडतात, मग त्यावर बुरशी वाढते. पॉरोपोड मुख्यतः ही बुरशी खातो. बरेचसे सिम्फिला कुजलेलं खातात; काही जाती मात्र रोपांची कोवळी मुळंही खातात. खाल्लेलं विष्ठेतून परत मातीत जातं आणि झाडाला लागू पडतं. दोघांना माती उकरता येत नाही. भेगा आणि गांडुळाची बिळं हीच त्यांची वाट. ओलावा गेला की ते जगत नाहीत.

राब भाजताना
भोर-वेल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्याने तणाचं बी जळतं, राख मिळते, हे खरं. पण पाल्यातले हे जीवही जळतात, आणि खाली वाचलेल्यांचं खाणं आणि ओलावा दोन्ही जातं. डोंगराला वणवा लागला तरी तेच. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या एसआरटी पद्धतीत गादीवाफ्यावर थेट भात टोकतात, त्यात राबाची गरजच पडत नाही. ते जमत नसेल तर निदान बांधावरचा आणि झाडाखालचा पाला तरी राबासाठी ओढू नका.

खात्री करायची असेल तर पावसाळ्यात झाडाखालचा ओला पाला मूठभर घ्या, पांढऱ्या कागदावर झटका आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. उजेड लागताच जे पांढरे ठिपके लपायला पळतील, त्यांत हे दोघे असू शकतात.