‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. त्या काळातील अशी ग्रंथालये प्रामुख्याने वर्गणीदारांच्या आधारावर चालत. ज्या समाजाच्या मुलांना शाळेतही बाहेर बसावे लागे, तो समाज वर्गणीदार कोठून होणार?

म्हणूनच २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत बाबासाहेबांनी वसतिगृहांबरोबर वाचनालयांचाही समावेश केला. निवासी शाळा आणि ग्रंथालय ही एकाच विचाराची दोन अंगे होत, हे आपण विसरता कामा नये.

पुढे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयविषयक कायदा केला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. तालुक्याच्या गावचे ग्रंथालय बहुधा शासन चालवीत नाही. ते नोंदणीकृत संस्था चालविते. शासन त्यास मान्यता देते, ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ असा वर्ग ठरविते आणि त्यानुसार वार्षिक अनुदान देते.

अशा ग्रंथालयात वृत्तपत्र वाचनकक्ष, ग्रंथांचा देवघेव विभाग व संदर्भग्रंथ असतात. अनेक ठिकाणी बालविभाग आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिकाही असते. दोन खोल्यांच्या घरात शिकणाऱ्या मुलीला अभ्यासिकेतील एका खुर्चीचे मोल विचारावे.

हे अनुदान जनतेच्या तिजोरीतून येते. त्यात आपलाही वाटा आहे. परंतु कोणते ग्रंथ घ्यावयाचे, अभ्यासिका किती वेळ उघडी ठेवावयाची, हे संस्थेचे कार्यकारी मंडळ ठरविते आणि ते मंडळ संस्थेचे सभासद निवडतात. आपली माणसे वाचनकक्षात दिसतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत मात्र क्वचितच. मग फुले-आंबेडकरी साहित्याचे कपाट रिकामे राहिले, तर केवळ खंत करून काय उपयोग?

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयाचे वाचक व्हावे, नियमानुसार संस्थेचे सभासदत्व मागावे आणि हव्या त्या ग्रंथांची लेखी मागणी नोंदवावी. पालकांनी मुलांना बालविभागाचा उंबरठा ओलांडून द्यावा. कायद्याने दार उघडले आहे. आत जाऊन आपली जागा घेणे हे आपले काम आहे.