हिरवे सारेच, पण जात निराळी

पावसाळ्यात दिल्लीतील जुन्या कोटांच्या भिंतींवर हिरवी मखमल चढते. मे महिन्यात तिचा मागमूसही उरत नाही. मात्र त्याच महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना, रस्त्याकडेचा बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. दोन्ही वनस्पतीच, मग हा फरक का? उत्तर आहे पाण्यात आणि बीजात.

मुळांविना मखमल

भिंतीवरची ही मखमल म्हणजे मॉस. या ब्रायोफायटा गटातील वनस्पतींना खरी मुळे नसतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाही नसतात. त्यांच्या नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहतच जावे लागते. म्हणून ओल संपली की वाढही थांबते.

नेच्यांना मुळे, खोड, पाने आणि जलवाहिन्या मिळाल्या. बी मात्र नाही. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत बीजाणू असतात आणि फलनासाठी पाण्याचा थर लागतोच. सावलीत, दमट हवेत रमणारा नेचा हौसेने गॅलरीत टांगला, तर दिल्लीच्या लूमध्ये करपणारच!

बीजाची किमया

पुढे परागकण वाऱ्यावर प्रवास करू लागले आणि फलनासाठी बाहेरच्या पाण्याची गरज संपली. देवदार, पाइन, सायकस आणि बंगल्यांच्या फाटकाशी दिसणारी मोरपंखी ही अनावृत्तबीजी झाडे. त्यांना फुले येत नाहीत आणि बी फळात झाकलेले नसते.

बहावा, कडुलिंब, गहू हे आवृत्तबीजी. त्यांना फुले येतात आणि फळ बीजाला जपते. आज पृथ्वीवर सर्वाधिक जाती याच गटाच्या आहेत, सुमारे ३ लाख. त्यातही गहू, बांबू यांच्या पानांवर समांतर शिरा, म्हणजे ते एकदल. बहावा, कडुलिंब यांच्या पानांवर शिरांची जाळी, म्हणजे ते द्विदल.

गट एकच, स्वभाव वेगळा

मात्र गट एक म्हणून सारी झाडे सारखी नसतात. इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या रिजवर आलेली अमेरिकेतली वेडी बाभूळ, तिथली विलायती कीकर, फुलझाडच आहे. पण तिने पळस, धाऊ अशा देशी झाडांची जागा बळकावली. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात जुन्या खाणींच्या जागी २०१० पासून ही देशी झाडे पुन्हा लावली गेली.

म्हणून रोप घेताना नुसता हिरवा रंग पाहू नका. त्याचे कूळ विचारा. नेच्याला सावलीचा कोपरा द्या आणि अंगणातले ऊन बहाव्यासाठी राखा.